विमानाजवळचा म्हातारा

माझा धंदा चौकटींचा. लोक फोटो आणून देतात, मी त्यांना काच, पुठ्ठा आणि लाकडी पट्टी लावून परत देते. इतकी वर्षं हे केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. घरातल्या फोटोंची किंमत माणसाला भिंतीत खिळा ठोकायची वेळ आल्यावरच कळते. तोवर ते ट्रंकेत, डब्यात, कपाटावर धूळ खात पडलेले असतात. मग घरातलं कुणीतरी जातं आणि उरलेले सगळे धावत माझ्याकडे येतात, उद्या सकाळी हवंय म्हणून. मी त्यांच्यावर खेकसते आणि उद्या सकाळी देते.

विमान क्लबाचे सेक्रेटरी पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आले तेव्हाही मी खेकसायच्याच बेतात होते. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला माणूस. विमानात बसला की त्याला मळमळतं, पण विमानांवर भारी जीव. क्लबाची जुनी शेड साफ करताना एका फळीमागे त्यांना हा डबा सापडला होता. आत निगेटिव्हची पाकिटं होती आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठे फोटो, एकमेकांना घट्ट चिकटलेले. ते सगळे मोठे करून, चौकटी घालून शेडमध्ये प्रदर्शन भरवायचं असं त्यांच्या मनात होतं. मी विचारलं, कसले फोटो आहेत. ते म्हणाले, वरखताच्या विमानांचे, अगदी सुरुवातीचे. मी हातातली कात्री खाली ठेवली.

वरखत म्हणजे वरून द्यायचं खत. सपाट रानात माणूस ते हाताने फेकत जाऊ शकतो. आमच्याकडे सगळे डोंगर, आणि डोंगरांवर मेंढ्यांचं गवत. खताचं पोतं पाठीवर घेऊन असला उतार चढायचा म्हणजे खत पोचेपर्यंत माणूस संपायचा. मग दुसरं महायुद्ध संपल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की मोडीत निघालेली, उडायला शिकवायची दोन सीटची विमानं घ्यावीत, पुढच्या सीटच्या जागी पत्र्याचं भलंमोठं चाडं बसवावं, वर रुंद आणि खाली निमुळतं, आणि वैमानिकाने डोंगरावरून जाताना दांडा ओढून खत सोडावं. डोंगराच्या माथ्यावरच एक तिरकी पट्टी साफ करायची. विमान चढणीवर उतरायचं आणि उतारावरून उडायचं. खाली गवतात एकजण लांब काठीला पांढरं फडकं बांधून उभा राहायचा. विमान त्याच्या डोक्यावरून गेलं की तो बाजूला सरकायचा, म्हणजे पुढचा पट्टा मागच्या पट्ट्याला लागून पडेल. त्याच्या डोक्यावर काय पडायचं ते विचारू नये.

हे सगळं मला सेक्रेटरींनी सांगायची गरज नव्हती. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यातलंच एक विमान उडवायचे. आई आजीच्या पोटात असताना एका सकाळी ते डोंगराला धडकले. दवाने खत ओलं झालं होतं आणि चाड्यात दगडासारखं बसलं होतं. त्यांनी दांडा ओढला असणार, खाली काही पडलं नाही, आणि एवढं ओझं पोटात घेऊन विमानाला कड्यावरून वर निघता आलं नाही. शेवटचा निरोप देताना आजीने लग्नाचा एकुलता एक फोटो त्यांच्या खिशात घातला आणि त्यांच्याबरोबर पाठवून दिला. पोरसवदा वय होतं तिचं. पुढे तिला त्याचा फार पस्तावा झाला, पण तो पुढे. आई कळती झाल्यावर विचारायची, ते कसे दिसायचे, तर आजी म्हणायची, उंच होते, हसायचे. यापुढे ती उठून चुलीकडे जायची आणि मग आईने विचारायचंच सोडून दिलं.

उंच होते आणि हसायचे. एवढ्या भांडवलावर माझ्या आईने सत्तरी ओलांडली. आजीने दुसरं लग्न केलं नाही, त्यामुळे ‘बाबा’ ही हाक आईने जन्मात कुणाला मारलेली नाही. सासऱ्यांना ती ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ यांवर भागवायची. नोकरी केली ती टेलिफोन एक्स्चेंजात. गावातली निम्मी माणसं ती आवाजावरून ओळखायची आणि रस्त्यात समोर आली तर तिला पत्ता नसायचा. मी तिला चिडवायची की तुझा सगळा कारभार बिनचेहऱ्याचा. ती हसायची, पण हे मी आता नाही म्हणत.

कारण आता आईचे डोळे चाललेत. तिला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. समोर उभ्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा होतो, कान तेवढे दिसतात. म्हणून कुणाकडे बघायचं असलं की ती त्याच्या खांद्यापलीकडे बघते, आणि नवख्या माणसाला वाटतं आपल्या मागे कुणी उभं आहे. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डावा गेलाय, उजव्याचं हे वर्ष धरून चाला. आई तिथे रडली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “एकदा त्यांचा चेहरा बघायला मिळाला असता ना, तर मग डोळे गेले असते तरी चाललं असतं.” मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नकोस. दुसरं काय म्हणणार होते मी?

तर असा तो डबा माझ्या दुकानात आला. सेक्रेटरी दारातून बाहेर पडायच्या आत मी आईला फोन लावला, आणि लावल्यावर वाटलं, घाई केली. आशा लावणं सोपं असतं, निस्तरावं आपल्यालाच लागतं.

चिकटलेले फोटो मी कोमट पाण्यात एकेक करून सोडवले, निगेटिव्ह स्कॅन केले, पडद्यावर मोठे करून बघायला लागले. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण गाढव आहोत. फोटोत माणसं होती, पण चेहरे कुठे होते? खताची भुकटी नाकातोंडात जायची म्हणून सगळ्यांनी तोंडावर रुमाल बांधलेले. डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर गॉगल. ज्यांचे चेहरे उघडे होते ते उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसलेले. पोती उलटणारी माणसं, ट्रकवर चढलेली माणसं, विमानाच्या पंखाखाली सावलीत डबे उघडून बसलेली माणसं. आणि जिथे उभे होते तिथे निम्मे तरी उंच होते, आणि सगळेच्या सगळे हसत होते. एवढी आनंदी माणसं मी एका ठिकाणी कधी पाहिली नाहीत. मला त्यांचा रागच आला.

आई रोज दुपारी दुकानात यायची. मी पडद्यावर एकेक चेहरा तळहाताएवढा करायची, ती मान तिरकी करून पडद्याच्या कडेला बघत बसायची. हा असेल का, असं ती विचारायची नाही. “ह्याचे कान माझ्यासारखे आहेत का गं?” असं विचारायची. कुणाचेच नव्हते, किंवा सगळ्यांचेच होते. कान हे कान असतात.

त्या ढिगात एक फोटो निराळा निघाला. त्यात विमानाच्या पंखापाशी एक म्हातारा उभा होता. पांढरेशुभ्र विस्कटलेले केस, पांढऱ्या भुवया, पांढरी मिशी. डोळ्यांभोवती मोठी काळी वर्तुळं, रात्र रात्र झोप नसलेल्या माणसासारखी. दोन्ही हातांनी काठी धरून कमरेत वाकलेला, तोंड अर्धवट उघडं, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगत असलेला. मागे दोनतीन माणसं पोट धरून हसत होती, म्हाताऱ्याने काही विनोद केला असावा. भिंगातून बघितलं तर हात मात्र तुकतुकीत होते, एक सुरकुती नाही. मी आईला म्हटलं, हा म्हातारा हाताला काहीतरी चोळत असणार. आणि निगेटिव्हवर इतके पांढरे ठिपके होते की मला वाटलं बुरशी लागलीय.

सेक्रेटरींना तो प्रदर्शनात नको होता. फोटोंखाली लावायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर त्यांनी आधीच ठरवून आणला होता, आणि ह्या फोटोपुढे लिहिलं होतं, ‘एक वयोवृद्ध शेतकरी कुतूहलाने विमान पाहताना.’ मग त्यांचं त्यांनाच वाटलं की ह्यात विमान अर्धंच आलंय, ठिपकेही फार आहेत, राहू दे. मी तो बाजूला ठेवला. आई म्हणाली, “मग मला दे. हा म्हातारा चांगला आहे.”

मी विचारलं, ह्यात चांगलं काय आहे. ती म्हणाली, तो मला दिसतो. आणि खरंच, काळ्या विमानापुढे ते पांढरं डोकं तिला कडेच्या नजरेतही स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी त्याची मोठी प्रत काढून दिली, वर्तमानपत्राच्या पानाएवढी, आणि तिने ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर चुंबकांनी लावली.

तिथून पुढे घरात तीन माणसं झाली. सकाळी चहा टाकताना आई म्हाताऱ्याशी बोलायची. आजोबा, आज दूध नासलं. आजोबा, ही कार्टी बघा, अजून लोळतेय. ही कार्टी म्हणजे मी, वय वर्षं त्रेपन्न. त्याचं तोंड अर्धवट उघडं का आहे यावर आमच्या पैजा लागायच्या. मी म्हणायची, जांभई देतोय. आई म्हणायची, नाही, पाणी मागतोय, आणि त्या दिवसांत ती फ्रिजमधून बाटली काढताना त्याच्याकडे बघून घ्यायची, म्हणजे दाराच्या मुठीकडे बघायची, कारण त्याच्याकडे बघायचं तर तिला मुठीकडे बघावं लागायचं. मला ते बघवायचं नाही. जिला बाप शोधायचा होता ती एका परक्या म्हाताऱ्यावर समाधान मानून बसली होती, असं मला वाटायचं, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात सेक्रेटरींना, डब्याला आणि त्या सगळ्या हसणाऱ्या माणसांना शिव्या घालायची.

प्रदर्शनाला थोडे दिवस उरले असताना सेक्रेटरींचा फोन आला. त्या काळातला एक माणूस हयात आहे, म्हणाले. नव्वदी कधीच ओलांडलेला, शेजारच्या गावात सुनेजवळ राहतो. विमानात खत भरायचा ट्रक तो चालवायचा. इंजिनाशेजारी उभं राहून कान गेले, त्यामुळे तो आयुष्यभर ओरडूनच बोलला आणि लोकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं. चिठ्ठ्या छापायच्या आधी त्याला शेडमध्ये आणून फोटो दाखवायचे, तो नावं सांगेल. आईला हे सांगितलं तर तिने कपाटातून चांगली साडी काढली. निघताना फ्रिजवरचा फोटोही काढला, गुंडाळी केली आणि पिशवीत घातला. त्या आजोबांचंही नाव विचारून घेते, म्हणाली, इतके दिवस बोलतोय, नाव माहीत नको?

शेडमध्ये लांबलचक टेबलावर मी सगळ्या चौकटी मांडून ठेवल्या होत्या. वरच्या पत्र्यातून ऊन येत होतं. भोंगा काका सुनेचा हात धरून आले. लहानखुरा माणूस, चालायला हळू, पण आवाज असा की पहिल्या शब्दाला छपरावरची कबुतरं उडाली. टेबलाच्या एका टोकापासून त्यांनी सुरुवात केली. हा अमका, ह्याची बायको माझ्या गावची. हा तमका, उधळ्या, पण पोती उचलावीत तर ह्यानेच. रुमाल बांधलेल्या माणसांनाही ते ओळखत होते, कोण कसा उभा राहतो त्यावरून. सेक्रेटरी लिहून घेत होते. आई काकांच्या मागे मागे सरकत होती. तिने माझं मनगट धरलं होतं, आणि टेबल जसजसं संपत आलं तशी ती पकड घट्ट होत गेली.

टेबल संपलं. सगळ्यांना नावं मिळाली होती.

आईने विचारलं. एक्स्चेंजातला आवाज लावून विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा, आणि काकांना तो पहिल्या झटक्यात ऐकू आला. “काका, डोंगराला धडकला तो वैमानिक ह्यात कुठला?”

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा टेबलाकडे. “तो ह्यात नाही,” ते म्हणाले.

आईने नुसती मान हलवली. सुनेला काहीच माहीत नव्हतं, तिने सहज विचारलं, तो का नाही ह्यात. काका म्हणाले, असणार कसा. फोटो निघायचे ते जेवणाच्या सुट्टीत, आणि हा पठ्ठ्या म्हणायचा, वारा पडलाय तोवर अजून एक खेप टाकून येतो. मग ते एका चौकटीपाशी परत गेले, ज्यात माणसं पंखाखाली जेवत बसली होती, आणि वरच्या कोपऱ्यात आभाळात एक ठिपका होता. मी तो डाग समजून काढून टाकणार होते, आळसाने राहिला होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं. “हा बघा. हा तो.”

आई वाकली. मान तिरकी केली, डावीकडे, उजवीकडे. तो ठिपका मलासुद्धा धड दिसत नव्हता. मी तिचा दंड धरला आणि मनात म्हटलं, झालं, संपलं, आता हिला घरी घेऊन जावं. मीच डबा उघडला होता, आणि त्यातून माझ्या आईला मिळाला एक ठिपका. मला तिथेच रडू आलं असतं.

“तुम्ही त्याच्या कोण?” काकांनी आईला विचारलं.

“मुलगी,” आई म्हणाली.

सुनेने खुर्ची आणली, काका बसले. मग त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला, म्हणजे साध्या माणसाच्या आवाजाएवढा झाला. एक फोटो होता त्याचा, ते म्हणाले, एकच. पहिल्या दिवसाचा. चाडं नुकतंच बसवलं होतं आणि ते चालतंय का हे जमिनीवरच बघायचं होतं. उडायचं नव्हतं म्हणून त्याने टोपी घातली नाही, नुसता गॉगल आणि हातमोजे. इंजिन चालू केलं, दांडा ओढला, आणि खत खाली पडायच्याऐवजी पंख्याच्या वाऱ्याने सगळंच्या सगळं उलटं त्याच्या अंगावर आलं. धुरळा बसल्यावर बघतो तर विमानात एक म्हातारा बसलेला. केस पांढरे, मिशी पांढरी. गॉगल काढला तर तेवढी डोळ्यांभोवतीची कातडी काळी राहिलेली. आम्ही हसून हसून आडवे झालो. कुणीतरी म्हणालं, आजोबा, उतरा सावकाश. मग काय, तो नकल्याच होता. त्याने हातमोजे फेकले, झेंड्याची काठी घेतली, कंबर वाकवली आणि...

“काठी घेऊन,” आई म्हणाली.

तिचे हात पिशवीत गेले होते. गुंडाळी पिशवीच्या बंदात अडकली, तिला ती सोडवता येईना, मी पुढे झाले तर तिने माझा हात बाजूला सारला. सोडवली. टेबलावर पसरली. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळायला बघत होता, सेक्रेटरींनी दोन कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले आणि दोन कोपरे मी धरले.

भोंगा काका बघत राहिले. हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता. आणि मग रुमाल शोधू लागले. सुनेने दिला. “हाच,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षांचं पोर आहे हे.”

मी त्या फोटोकडे पाहिलं, जो मी इतके दिवस रोज सकाळी बघत होते. पांढऱ्या केसांखाली मान ताठ तरुण माणसाची होती. दोन्ही हात तुकतुकीत, कारण खत उडालं तेव्हा ते हातमोज्यांत होते. बुरशी नव्हती, भुकटी उडत होती. चौकटीवाली म्हणून मिरवणाऱ्या बाईला सगळं दिसलं होतं, फक्त माणूस दिसला नव्हता. आणि तो काठी टेकून वाकला होता, तरीही मागच्या सगळ्यांपेक्षा उंच होता.

आईने फोटोवर हात ठेवला नाही. काका, एक विचारते, म्हणाली, आणि पुन्हा तो सावकाश सुटा आवाज लावला. “त्यांचं तोंड उघडं आहे. ते काय म्हणत होते?”

काकांनी खरंच आठवून बघितलं. डोळे मिटून बघितलं. मग मान हलवली. “इंजिन बंद केलं होतं, पोरी,” ते म्हणाले, “पण माझ्या कानात ते चालूच होतं. अजून बंद झालेलं नाही.”

एवढं मात्र त्यांना आठवत होतं की पुढे कित्येक दिवस तो कॅमेरावाल्याच्या मागे लागला होता. एक प्रत दे, घरी न्यायचीय, बायकोला दाखवायचीय. कॅमेरावाला आळशी, आज देतो, उद्या देतो. मग द्यायला माणूसच राहिला नाही, आणि कॅमेरावाल्याने सगळे फोटो कुठेतरी नजरेआड केले. फळीमागे, सेक्रेटरी हळूच म्हणाले. काकांना ते ऐकू गेलं नाही.

परतताना रिक्षात आई गुंडाळी मांडीवर धरून बसली होती. मला काहीतरी करायचं होतं, मला गप्प बसवत नाही. दुकानाशी आल्यावर मी तिला म्हटलं, चल आत, दाखवते तुला. मी तो फोटो पडद्यावर घेतला आणि समजावून सांगितलं की आता ही भुकटी काढून टाकता येते. केस काळे करते, भुवया, मिशी, ती वर्तुळं पुसते, कंबर तेवढी सरळ होणार नाही, पण चेहरा सव्वीस वर्षांचा होईल. तुला हवा होता तो चेहरा. संध्याकाळपर्यंत करून देते. मी केसांची एक बट काळी करून दाखवलीसुद्धा.

“पूस ते,” आई म्हणाली.

मला वाटलं, भुकटी पूस म्हणतेय. मी पुढची बट घेतली. तिने माझा हात धरला. “तू काळं केलंस ते पूस. तसाच ठेव त्यांना.”

मी म्हटलं, अगं पण हे खरं नाही. ते असे नव्हतेच.

“तरुण होते ते आईच्या वाट्याला आले,” ती म्हणाली. “तिने लग्नाचा फोटो त्यांच्याबरोबर पाठवून दिला, तो तिचा होता. मला लोकांच्या बापाकडे बघून काय वाटायचं माहितीय? तरुण बापांचं नाही वाटायचं. मैत्रिणींचे वडील म्हातारे झाले, काठी घेऊन हिंडायला लागले, तेव्हा वाटायचं. आपले कसे दिसले असते. आता दिसले.” मग जरा थांबून म्हणाली, “म्हातारे माझे आहेत. त्यांना हात लावू नकोस.”

मी काळी केलेली बट पुन्हा पांढरी केली. पडदा मला नीट दिसत नव्हता, पण केली.

प्रदर्शनात तो फोटो दाराशी, सगळ्यांच्या आधी लागला. चौकट मी माझ्या पदरची घातली, दुकानातली सगळ्यात चांगली पट्टी, जी मी गिऱ्हाइकांना महाग म्हणून दाखवतसुद्धा नाही. सेक्रेटरींनी खाली काय लिहावं विचारलं. वयोवृद्ध शेतकऱ्याबद्दल ते फार ओशाळले होते, मीही होतेच, त्यामुळे मी त्यांच्यावर खेकसले नाही. खाली लिहिलंय, ‘वैमानिक, वय सव्वीस.’ लोक येतात, फोटो बघतात, चिठ्ठी वाचतात, आणि चिठ्ठी चुकलीय म्हणून सेक्रेटरींना शोधत जातात. मग सेक्रेटरी त्यांना हाताला धरून परत आणतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. हे काम त्यांना विमानात बसण्यापेक्षा मानवतं.

मोठी प्रत फ्रिजवर परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आले तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती. चहा उकळत होता. ती दाराच्या मुठीकडे बघत होती, म्हणजे त्यांच्याकडे. काहीतरी म्हणायचं होतं आणि ओठ नुसते हलत होते. मी दारातच थांबले.

“बाबा,” ती म्हणाली. “चहा झालाय.”

मग तिने घसा साफ केला आणि पुन्हा एकदा हाक मारली, जरा मोठ्याने, कारण पहिल्यांदा ती नीट जमली नव्हती.